रात्रीचे ट्रॅक्टर आणि हवा ओढणारी मोटर: वाळूवाल्यांशी कुणी लढलंय का?

काठावरचा | ११ मार्च, रात्री ११:४०

मंडळी, लिहू का नको असं करत दोन महिने गेले. गावाचं नाव सांगत नाही, तालुकाही नाही, एवढंच धरा की जायकवाडीच्या खालचा गोदाकाठ. मी पुण्यात नोकरीला, आई-वडील आणि चुलते गावी. विहीर आजोबांच्या काळातली, नदीपासून तीनशे पावलांवर, ४२ फूट. तिचा तळ मी आयुष्यात एकदाच बघितलाय, २०१६ च्या उन्हाळ्यात, जेव्हा लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं आणि अख्ख्या मराठवाड्याचाच तळ दिसत होता. यंदा तसं काही नाही, पाऊस बरा झाला, नदी वाहून गेली, तरी फेब्रुवारीतच मोटर अर्धा तास पाणी देते आणि मग हवा ओढते.

कारण गावात शेंबड्या पोरालाही माहितीये. रात्री साडेअकराला सुरू होतात. हेडलाईट बंद, नंबर प्लेट नाही, डेक मात्र चालू. गेल्या महिन्यात सुट्टीला गेलो तेव्हा झोप येईना म्हणून गच्चीवर बसून मोजल्या, पहाटे चारपर्यंत ३१ खेपा. पात्रात ट्रॅक्टरला केनी (दोरीने ओढायचं लोखंडी खोरं) लावून पाण्याखालची वाळू ओढतात, आता तर एक पोकलेन पण आलाय.

आजी उन्हाळ्यात पात्रात झिरा करायची. हाताने वाळू उकरायची, कोपरभर खोल गेलं की पाणी पाझरायचं, पहिलं गढूळ उपसून टाकायचं, जरा दम धरायचा आणि मग करवंटीने हंडा भरायचा, ते पाणी कधी गाळावं लागलं नाही. मुलीला ती जागा दाखवायला नेलं होतं. तिथे काळी चिकणमाती, डबकं, शेवाळ, आणि त्यात एक चप्पल तरंगत होती. मुलगी म्हणाली बाबा यातलं पाणी प्यायचात तुम्ही?

दुसऱ्या दिवशी तलाठ्याला फोन केला. अर्ध्या तासात दोन जण घरी येऊन वडिलांना विचारून गेले, "पोराचं काय म्हणणं हाय?" चहा पण घेतला त्यांनी. म्हणून इथे विचारतोय. घरच्यांना त्रास न होता काय करता येतं? अनुभव असेल तरच सांगा, कीर्तन नको.


अर्धा_ब्रास | ११ मार्च, रात्री ११:५८

तलाठ्याला फोन म्हणजे चोरालाच किल्ली कुठे ठेवलीय ते विचारणं. आमच्याकडे तहसीलदाराच्या बंगल्यासमोर टपरीवर दोन पोरं कायम बसलेली असतात. साहेबांची गाडी बाहेर पडली की ग्रुपवर लोकेशन. त्यांना रोजचे पैसे मिळतात आणि चहा टपरीवाल्याकडून. साहेब नदीवर पोचेपर्यंत पात्रात फक्त बगळे.


निवृत्त_कारकून | १२ मार्च, सकाळी ७:१५

सगळे तलाठी एका माळेत ओवू नका. ट्रॅक्टर अंगावर घातलेले तलाठी आणि कोतवालही मी बघितलेत. महसुलात ३३ वर्षं काढली, त्यातली ९ गौण खनिजाच्या, म्हणजे वाळू-मुरमाच्या टेबलावर, दोन्हीकडून शिव्या खाल्ल्यात, इथेही चालतील.

पहिलं म्हणजे तोंडी तक्रार करायची नाही. फोन म्हणजे कागद नव्हे. अर्ज तहसीलदारांच्या नावाने, प्रत प्रांतांना, प्रत जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना, आणि आवक शाखेत शिक्का, तारीख, नंबर असलेली पोच घ्यायची. पोच देत नाहीत तर रजिस्टर पोस्ट करा. साहेब लोक माणसाला विसरतात, आवक नंबराला विसरता येत नाही.

आता दंडाचं. जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ४८, पोटकलम ७ आणि ८. सातमध्ये बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आठमध्ये वाहन आणि यंत्र जप्त. जप्त केलेलं सोडवायचं तर त्याचे वेगळे, ट्रॅक्टरला १ लाख, डंपरला २ लाख, पोकलेन-जेसीबीला साडेसात लाख. हे वाचून कुणी नदीत पाय घालणार नाही असं वाटेल. तरी घालतात, कारण सगळा खेळ पंचनाम्यात आहे. खड्डा असतो शेकडो ब्रासचा आणि पंचनाम्यात येते ट्रॉलीत सापडलेली १ ब्रास, बाकी "अज्ञात इसमांनी". मग पाचपट कशाची, तर एका ब्रासची. म्हणून अर्जात "कठोर कारवाई करावी" असलं काही लिहू नका, त्याला उत्तर "कारवाई केली आहे" असं येतं आणि ते खरंही असतं. लिहायचं असं, की अमुक गटासमोरच्या पात्रातल्या खड्ड्याची ईटीएस मशीनने (इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र) मोजणी करून उत्खननाचं परिमाण निश्चित करावं. मोजणीचा आकडा एकदा फाईलला लागला की तो खोडायला सही लागते, आणि सही करायला कुणी तयार नसतं.

पुढचं दुपारी लिहितो, नातीला शाळेत सोडायचंय.


साईटवाला | १२ मार्च, सकाळी ९:३०

सिव्हिल इंजिनिअर आहे, चिंचवडला साईट चालू आहे, म्हणजे मी पण गुन्हेगारच समजा. पण विहिरीचं गणित सांगतो कारण लोक नुसतं "वाळू पाणी धरते" म्हणतात आणि समोरचा हसतो.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. वाळूच्या कणांमध्ये जी पोकळी असते त्यातलं सहज सुटणारं पाणी पाव भाग धरा. म्हणजे ब्रासला ७०० लिटर. एका खेपेला एक ब्रास धरली तर ३१ खेपा गुणिले ७०० म्हणजे एका रात्रीत २१-२२ हजार लिटरची टाकी गेली, पाणी नाही हं, टाकीच गेली. पुढच्या वर्षी नदी आली तरी ते भरायला जागाच नाही.


पात्राबाहेर | १२ मार्च, सकाळी १०:०२

साईटवाले साहेब, एक अडाणी प्रश्न. वाळू काढली तर खड्डा पडतो. खड्ड्यात तर पूर्ण पाणी मावतं ना? वाळूत पाव भाग आणि मोकळ्या खड्ड्यात चार पाव. मग विहिरीला फायदाच की.


साईटवाला | १२ मार्च, सकाळी १०:४५

अडाणी अजिबात नाही, मला एका आमदाराच्या पीएने पण हेच विचारलं होतं. तीन भानगडी आहेत. उघड्या खड्ड्यातलं पाणी उन्हाने उडतं, वाळूखालचं दीड-दोन फुटांच्या खाली फारसं उडत नाही, म्हणून तर आजीचा झिरा मे महिन्यात चालायचा. दुसरं, खड्ड्यात पुराचा गाळ बसतो, चिकणमातीचा थर तयार होतो, मग ते पाणी खाली किंवा बाजूला मुरत नाही, नुसतं डबकं, चप्पल तरंगणारं. आणि तिसरं सगळ्यात वाईट. नदीचं पात्र दहा फूट खाली गेलं की काठाच्या जमिनीतलं पाणी उताराने नदीकडे निघून येतं. आधी नदी विहिरीला पाजत होती, आता विहीर नदीला पाजते. काठावरचा यांच्याकडे हेच झालेलं दिसतंय, नदी येऊन गेली तरी पाणी टिकत नाही म्हणजे.


अर्धा_ब्रास | १२ मार्च, सकाळी ११:१०

"विहीर नदीला पाजते" हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा.


निवृत्त_कारकून | १२ मार्च, दुपारी ३:२०

सकाळचं राहिलेलं. आधी हे तपासा की तुमच्या गावचा घाट, म्हणजे वाळू काढायला ठरवलेला पात्राचा तुकडा, लिलावात गेलाय का. गेला असेल तर ठेकेदाराला माप, मर्यादा, अटी सगळं ठरवून दिलेलं असतं. तीन मीटरच्या खाली जायचं नाही, पाणी लागलं तर त्याच्या आधीच थांबायचं. सूर्यास्तानंतर उपसा नाही. १० जून ते ३० सप्टेंबर पूर्ण बंद. पुलाच्या वरच्या अंगाला किमान २५० मीटर आणि खालच्या अंगाला किमान ५०० मीटर हात लावायचा नाही. आणि २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पाच हेक्टरच्या आतल्या घाटालाही पर्यावरण मंजुरी लागते. माहिती अधिकारात लिलावाचा करारनामा, मंजुरीपत्र आणि वाहतूक पासांची यादी मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवस. पासांच्या यादीत गंमत असते, एकच गाडी एका दिवसात साठ किलोमीटरच्या चौदा खेपा करते, मध्ये ड्रायव्हर जेवत पण नाही.

लिलाव झालाच नसेल तर मग प्रश्नच मिटला, पहिल्या पाटीपासून सगळी चोरी.

जप्त ट्रॅक्टर तहसीलच्या आवारातून रात्रीत गायब होतात हे पेपरात वाचून लोक हसतात. आवाराला धड भिंत नसते, राखायला एक कोतवाल, आणि त्याला मामा म्हणणारे दहा. जे ट्रॅक्टर भंगारातले असतात ते सोडवायला कुणी येतच नाही, गाडीच्या किमतीपेक्षा दंड जास्त. आमच्या आवारात एकाच्या बोनेटमध्ये साळुंकीने दोन उन्हाळे पिल्लं काढली.


ढिवरटोला | १२ मार्च, रात्री ९:०५

भाऊ, आमच्याइकडे वाळू नाही म्हणत, रेती. वैनगंगेच्या काठचा आहे. विहिरीवाल्यांचं सगळे ऐकतात कारण त्यांच्याजवळ सातबारा आहे, आमच्याजवळ तो पण नाही.

आमची डांगरवाडी असायची पात्रात. दिवाळीनंतर नदी उतरली की घरची सगळी जण रेतीत. हातभर खड्डे खणायचे, शेणखत टाकायचं, टरबूज, डांगर, काकडी लावायची. रेती तापते आणि वेल पोळतो म्हणून खाली गवत अंथरायचं. मार्चमध्ये तिथंच झोपडी करून राहायचो, कोल्ह्याला हाकलायला. त्या चार महिन्यांच्या पैशात वर्षाची उधारी फिटे. बाबाले कोणतं टरबूज पिकलं ते बोटाने टिचकी मारून समजे, मले अजून जमत नाही.

आता रेतीच नाही त तिथं गोटे आन गाळ. घाट लिलावात गेला तेव्हा कोणी विचारलं नाही का बा या पात्रात कोणाची वाडी आहे. पात्र सरकारचं. नुकसानभरपाई मागायला गेलो तर म्हणे अतिक्रमण तुमचंच होतं. मंग माझा लहान भाऊ त्याच घाटावर टिप्पर भरायला जातो रोजीनं. सांगा, आता मी कोणाची तक्रार करू?


काठावरचा | १२ मार्च, रात्री ९:४०

ढिवरटोला, काय बोलावं कळेना. पात्रात पक्षी पण असायचे ना हो, आमच्याकडे टिटवीसारखा पण बारका, वाळूवरच अंडी घालणारा. वाळूचाच रंग अंड्यांना, पाय पडेपर्यंत दिसायची नाहीत.


ढिवरटोला | १२ मार्च, रात्री ९:५२

आर्ली असंल तो. हो, आणि सुरय. आम्ही वाडीत त्या जागेला काट्या खोसून ठेवत होतो, पाणी टाकताना पाय पडू नये म्हणून. पोकलेनले काट्या दिसत नाहीत.


पात्राबाहेर | १३ मार्च, रात्री १२:३०

दिवसभर वाचतोय. खरं सांगतो, मी पात्राबाहेर असलो तरी माझा चुलतभाऊ पात्रात आहे. ट्रॅक्टर कर्जावर घेतला, शेतात काम वर्षातून साठ-सत्तर दिवस, हप्ता मात्र सहामाही येतोच. कापूस गेला, सोयाबीनला भाव नाही. एका रात्रीत तीन खेपा मारल्या की डिझेल, दोन पोरांची मजुरी, "वरचा" हप्ता जाऊन जे उरतं तेवढं शेतात महिन्यात उरत नाही. त्याला कुणी माफिया म्हटलं की मला हसू येतं, त्याच्या पायात स्लीपर आहे. माफिया वेगळा, तो नदीवर येतच नाही, त्याचे हायवा आहेत, तो वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतो. पकडला जातो तो स्लीपरवाला.

आणि दुसरं, गावातल्या घरकुलांना वाळू कुठून आणायची? मंजुरी १ लाख २० हजारांची. २०२३ ला सरकार म्हणालं ६०० रुपये ब्रासने डेपोवर मिळेल, ऑनलाईन नोंदणी करा. आमच्या चुलतीने केली, साईट उघडायची दोन मिनिटं आणि साठा संपला, जे मिळवत होते ते कोण होते ते आम्हालाही माहीत होतं. मग २०२५ ला डेपो बंद, परत लिलाव, घरकुलाला ५ ब्रासपर्यंत फुकट. चांगलं आहे, पण घाटच सुरू नसेल तर फुकट कुठून भरायची? शेवटी चुलतीने रात्रीचीच घेतली. तुमच्या विहिरीतलं पाणी तिच्या भिंतीत आहे असं समजा.


साईटवाला | १३ मार्च, सकाळी ८:५०

पात्राबाहेर यांची पोस्ट या धाग्यातली सगळ्यात खरी आहे.

मागणीचं बोललंच पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये जगाचा वाळू-खडीचा वापर वर्षाला ५० अब्ज टन सांगितला होता. पाण्यानंतर माणूस सगळ्यात जास्त हेच उपसतो. वाळवंटातली चालत नाही, वाऱ्याने घासून गोल झालेली असते, सिमेंट पकडत नाही, म्हणून सगळे नदीवर. क्रशरची एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालते, आम्ही स्लॅबला तीच वापरतो, २०२५ च्या धोरणात सरकारी बांधकामांना २० टक्के सक्तीची पण केलीय. तरी प्लास्टरचा मिस्त्री हटून बसतो, "साहेब, नदीची द्या, हात फिरत नाही." फ्लॅटवाल्यांना भिंतीवर केसाएवढी भेग चालत नाही, बिल्डर नदीची मागवतो, बिलावर मात्र एम-सँड. पुण्यातल्या मंडळींनी आपापल्या भिंतीकडे एकदा बघा, मी पण बघतोय.


अर्धा_ब्रास | १३ मार्च, सकाळी ९:१५

म्हणजे काठावरचा पुण्यात ज्या फ्लॅटमध्ये बसून लिहितोय त्यात त्याचीच विहीर असणार.


काठावरचा | १३ मार्च, सकाळी ९:२१

पाचवा मजला. ही चेष्टा घरी सांगणार नाही.


खाडीकाठची | १३ मार्च, दुपारी १:१०

कोकणातून. आमच्याकडे हातपाटी आणि डुबीवाले पिढ्यान्‌पिढ्या होते, होडीतून जायचं, बुडी मारायची, पाटी भरून वर. दमाचंच काम, त्यामुळे माणूस काढून काढून किती काढणार. सक्शन पंप आला आणि ते संपलं. पंपाला दम लागत नाही. खाडी खोल झाली, भरतीचं पाणी आधी जिथपर्यंत यायचं त्याच्या पुढे चढायला लागलं, खारबंदिस्तीच्या पायाखालची वाळू सरकली, बांध फुटले, भातशेतीत खारं पाणी. आमच्या विहिरीचं पाणी आता चहाला चालत नाही, दूध फाटतं.

भीतीबद्दल बोलायचं तर, वाळू उपशाविरुद्ध लढणाऱ्या सुमायरा अब्दुलाली यांच्यावर २००४ मध्ये अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर हल्ला झाला होता, मुंबईत नाव असलेली बाई, तरी सोडलं नाही. त्या तरीही हायकोर्टात गेल्या आणि लावून धरलं. पण प्रत्येक गावात तशी ताकद कुठून येणार?

आणि कुणीतरी सावित्रीचा पूल काढणारच म्हणून मीच काढते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ जुना पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या गेल्या. आमच्याकडे सगळे म्हणतात वाळूमुळे. पूल ब्रिटिश काळातला होता, पूर प्रचंड होता, सगळं एकट्या वाळूवर ढकललं की ज्यांनी पूल तपासायचा होता ते सुटतात. खांबाजवळचा उपसा धोक्याचा हे खरंच आहे, पण तेवढ्यावर थांबू नका.


निवृत्त_कारकून | १३ मार्च, संध्याकाळी ६:००

भीतीचा विषय निघाला म्हणून. २५ जानेवारी २०११, मनमाडजवळ पानेवाडी. अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. ते इंधन भेसळीचं प्रकरण, वाळूचं नव्हे. पण त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात रात्रीच्या पथकाची यादी लावली तर सगळ्यांच्या घरी अचानक कुणी ना कुणी आजारी पडलं. माझ्याही घरी पडलं होतं. लपवत नाही.

म्हणून, काठावरचा, एकट्याच्या नावाने अर्ज नको. ग्रामसभेचा ठराव करा. ठरावाच्या घरी दोन माणसं चहाला येऊ शकत नाहीत.


काळाकोट | १३ मार्च, रात्री ८:३०

वकिली करतो, जाहिरात करत नाहीये, फक्त चार गोष्टी. दंड भरला म्हणजे सुटला असं नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय की वाळू चोरली तर खनिज कायद्याखेरीज चोरीचा साधा गुन्हाही पोलीस नोंदवू शकतात. तेव्हा भादंवि ३७९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३०३. सराईत असेल तर एमपीडीए हा स्थानबद्धतेचा कायदा आहे, २०१५ च्या दुरुस्तीने त्यात वाळू तस्कर घातलेत, वर्षभर स्थानबद्ध करता येतं. हे जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात आहे, म्हणून ते मागायला लाजू नका.

हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांचं कोर्ट, पुण्याला आहे. अर्जाची फी हजार रुपये, वकील नसला तरी चालतं. मात्र मुदत बघा, वादाचं कारण घडल्यापासून सहा महिने, फार तर आणखी साठ दिवस, भरपाई मागायची तर पाच वर्षं. लवाद स्वतःहून दखल घेऊ शकतो हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये मान्य केलंय, पण त्याच्या भरवशावर बसू नका. पुरावा म्हणून गुगल अर्थवर जुन्या वर्षांचे फोटो मागे-पुढे करून बघता येतात, तुमच्या गावाचं पात्र २०१५ ला कसं होतं आणि आज कसं, तारखेसकट प्रिंट काढा. रात्री जाऊन व्हिडिओ काढायचं शौर्य करू नका. दिवसा खड्डा कुठे पळून जात नाही.

ढिवरटोला, तुमचं अतिक्रमण म्हणून झटकलंय ते तितकं सोपं नाही. मासेमारी सोसायटीत नाव आहे का घरच्यांचं? मेसेज करा.


काठावरचा | ४ मे, रात्री १०:१५

बऱ्याच दिवसांनी. अपडेट देतो, लांब आहे.

गुगल अर्थचं मी करून बघितलं आणि दोन रात्री झोपलो नाही. २०१४ च्या फोटोत पात्रात पांढरा पट्टा आहे, काठापासून काठापर्यंत. आत्ताच्यात ठिगळं आहेत, हिरव्या-काळ्या पाण्याची. फोटो छापून वडिलांकडे पाठवले. वडील म्हणाले बघितलं, ठेव. आईने मात्र भावकीतल्या बायकांना बोलावून दाखवले, आणि तिथून सगळं माझ्या हातातून गेलं.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते हे मला माहीतच नव्हतं, आईला माहीत होतं, एरवी ती सह्यांपुरती होते. या वेळी खरीच झाली. हापश्याला पाणी नाही हा विषय होता, वाळूचा शब्दच नव्हता विषयपत्रिकेवर. मग एकीने विचारलं हापसा का आटला, आणि साईटवाल्यांचं "विहीर नदीला पाजते" आईने तसंच्या तसं म्हणून दाखवलं. १ मे च्या ग्रामसभेत ठराव आला. सरपंच म्हणाले पुढच्या सभेत घेऊ. ज्या बायकांची पोरं रात्री ट्रॅक्टरवर असतात त्यांतल्या दोघी उठल्या, म्हणाल्या आत्ता घ्या. एक तर रडत होती, तिचा पोरगा गेल्या वर्षी केनीच्या दोरीत हात अडकून दोन बोटं गमावून बसलाय, दवाखान्यात "कडबा कुट्टीत गेला" असं सांगायला लावलं होतं. हे मला पण माहीत नव्हतं, घर आमच्या गल्लीत आहे.

ठराव झाला. बाचाबाची झाली, एकाने खुर्ची फेकली, कुणाला लागली नाही.


अर्धा_ब्रास | ४ मे, रात्री १०:२०

काकूंना साष्टांग. इथे आम्ही दीड महिना कलमं मोजतोय.


पात्राबाहेर | ५ मे, सकाळी ७:४०

बोटांचं वाचून भावाला दाखवलं. काही बोलला नाही. ट्रॅक्टर विकायचं म्हणतोय, पण हे तो दर उन्हाळ्यात म्हणतो.


काठावरचा | १९ मे, रात्री ११:००

ठराव जोडून अर्ज दिला, पोच घेतली, आवक नंबर आहे. पाच दिवसांत जेसीबी आला आणि नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आडवा चर खणून गेला, सहा फूट खोल. फोटो काढले, पेपरात पण आलं. चर तीन रात्रींत बुजला. बुजवायला तोच जेसीबी होता असं चुलते म्हणतात, मी बघितलं नाही म्हणून पक्कं सांगत नाही. खेपा आता ३१ नाहीत, दहा-बारा असतात. दोन जण परत चहाला आले होते, या वेळी आईने चहा केला नाही, वडील म्हणतात तेवढं पुरलं त्यांना.

मोजणीचं अजून काही नाही. साहेब म्हणतात मशीन दुसऱ्या तालुक्यात आहे.


निवृत्त_कारकून | २० मे, सकाळी ७:०५

मशीन नेहमी दुसऱ्याच तालुक्यात असतं. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, आगाऊ अर्ज द्यावा लागतो, आजच चौकशी करा. आणि पावसाच्या आत मोजणी व्हायलाच हवी, एकदा पूर येऊन गेला की खड्ड्यात गाळ बसतो आणि मग परिमाण शून्य. ते वाट बघतायत ती त्याचीच.

खेपा दहा-बारा म्हणताय ते कशावरून? तारीखवार काही लिहिलंय का?


काठावरचा | २० मे, सकाळी ७:३०

आहे की. आईने जानेवारीपासून लिहिलंय, मला परवा कळलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, रोजच्या चौकटीत खाली दुधाचा आकडा आणि वर कोपऱ्यात रात्रीच्या खेपा. तिला झोप कमी आहे. ज्या रात्री पोकलेन होता तिथे गोल केलाय. अमावास्येला आकडे मोठे आहेत.


काळाकोट | २० मे, सकाळी ८:१०

साडेचार महिन्यांची रोजची नोंद, घरातल्या बाईच्या हातची, दुधाच्या हिशोबाशेजारी! याच्यापुढे माझा ड्रोनवाला पण फिका. फिर्यादीत याला प्रदर्श अ करीन. अर्जाला जोडा.


काठावरचा | २० मे, सकाळी ८:२५

आई विचारतेय कॅलेंडर परत मिळेल ना, गवळ्याचे एप्रिलचे पैसे अजून द्यायचेत.


निवृत्त_कारकून | २० मे, सकाळी ८:३१

मूळ देऊ नका म्हणावं. पानापानाची झेरॉक्स, प्रत्येकीवर आईंची सही. मूळ भिंतीवरच राहू द्या, अजून १० जूनपर्यंतच्या चौकटी भरायच्यात.